ऐरण, कोळसा आणि शिलिंग-पेन्स: ब्लिस्ट्स हिल ते डडली

इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्समध्ये, एकमेकांपासून गाडीने तासाभराच्या आत, दोन मोठी खुली संग्रहालयं आहेत. एक टेलफर्डजवळचं ब्लिस्ट्स हिल, दुसरं डडलीचं ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियम (ब्लॅक कंट्री म्हणजे डडलीभोवतीचा कोळसा-लोखंडाचा जुना पट्टा). पाडल्या जाणार असलेल्या जुन्या इमारती सोडवून इथे आणायच्या, होत्या तशा पुन्हा उभ्या करायच्या आणि त्या काळच्या पोशाखातली माणसं आत कामाला लावायची, अशी ही रीत. तिचा आरंभ १८९१ साली स्टॉकहोमच्या स्कान्सेनने केला. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावर बारा बलुतेदारांचं गाव पाहिलेल्यांना मांडणी ओळखीची वाटेल. फरक एवढाच की कणेरीचा लोहार सिमेंटचा आहे आणि इथल्याच्या कपाळावर घाम असतो.

म्हणूनच इथे नकाशा बघून इमारतींमागे धावू नये. दारातून आत शिरल्याबरोबर 'आज कुठलं काम किती वाजता' ते विचारावं आणि दिवस त्या वेळांभोवती बांधावा. भट्टी विझलेली असेल तर लोहारशाळा म्हणजे काळी पडलेली खोली, दुसरं काही नाही. तीस इमारतींत डोकावण्यापेक्षा तीन कामं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलेली मुलांच्या जास्त लक्षात राहतात.

मुक्काम पहिल्या दोन रात्री टेलफर्ड किंवा आयर्नब्रिजकडे आणि तिसरी बर्मिंगहॅमला ठेवला की सोपं पडतं. ट्रेनने येणाऱ्यांनी बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटहून टेलफर्ड सेंट्रल गाठावं. पुढे बस किंवा टॅक्सी लागते, आणि रविवारी बसच्या भरवशावर राहू नये. वर्षभर चालणारे पासही असू शकतात. पुन्हा यायचा थोडाही विचार असेल तर तिकीट काढायच्या आधीच त्यांची चौकशी करावी. हिवाळ्यात उघडण्याचे दिवस कमी होतात, त्यामुळे तारीख ठरवण्याआधी वेळापत्रक बघणं आलंच.

पहिला दिवस: ब्लिस्ट्स हिल

१९७३ साली सुरू झालेलं हे गाव साधारण १९०० सालात थांबवलेलं आहे. जागा पन्नास एकरांहून थोडी मोठी आणि उताराची. वरच्या अंगाला दुकानं, खाली कालवा, भट्ट्या आणि जंगल. गेट उघडताना पोचावं आणि दुकानांचा रस्ता ओलांडून थेट खाली जावं. सगळी गर्दी पहिले दोन तास वरच्या दुकानांतच घुटमळते, तोवर खालचा भाग मोकळा असतो. शिवाय चढ सकाळी ताज्या पायांनी चढलेला बरा. जेवणानंतर झोपाळलेल्या मुलाची बाबागाडी तिथून वर ढकलणं जिवावर येतं. सोबत आजी-आजोबा असतील तर खाली नेणारी लिफ्ट चालू आहे का ते गेटवरच विचारावं.

खाली तीन झोतभट्ट्यांचे अवशेष आहेत. या भट्ट्या १९१२ मध्ये विझल्या. त्यांच्यापलीकडे 'हे' (Hay) नावाचं इनक्लाइन्ड प्लेन, म्हणजे डोंगरउतारावर टाकलेले रूळ. १७९० च्या दशकात हे बांधलं. वरच्या कालव्यातल्या लहान होड्या चाकांच्या पाळण्यावर चढवून २०७ फूट खाली सोडत. भरलेली होडी उतरताना आपल्या वजनाने रिकामीला वर ओढून घेई. वाफेचं इंजिन लागायचं ते मुख्यतः होडीला कालव्यातून बाहेर काढून माथा ओलांडायला. एवढी उंची पाण्याच्या दारांनी उतरायची तर होडीचे कित्येक तास गेले असते आणि वरच्या कालव्याचं पाणी दर खेपेला खाली वाहून गेलं असतं, आणि डोंगरावर पाणी आधीच कमी. मुलांना माथ्यावर उभं करून हे समजावलं की पटकन कळतं. पायथ्याशी उभं राहून ते नुसते रूळ दिसतात.

वर आल्यावर पहिलं काम बँकेत. इथे आजचे पौंड देऊन जुन्या धाटणीची नाणी घेता येतात आणि ती गावातल्या दुकानांत चालतात. कोष्टक असं: ४ फार्दिंगचा १ पेनी, १२ पेन्सचा १ शिलिंग, २० शिलिंगांचा १ पौंड; म्हणजे पौंडाला २४० पेन्स. ब्रिटनने हे फेब्रुवारी १९७१ मध्ये सोडलं. आपल्याकडे रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै हा हिशोब एप्रिल १९५७ पर्यंत होता, त्यामुळे घरातले ऐंशीच्या पुढचे आजोबा बरोबर असतील तर बँकेच्या रांगेत त्यांनाच पुढे करावं. पावकी-निमकी पाठ असलेल्या माणसाला साडेतीन पेनीच्या चार वस्तूंचा हिशोब कागद न घेता जमतो आणि नातवंडं तोंडाकडे बघत राहतात. नाणी बेताची घ्यावीत. मूल दोन पेनीची लिमलेटची गोळी घेतं आणि उरलेली चिल्लर आठवण म्हणून खिशातच राहते.

औषधाच्या दुकानात लॅटिन चिठ्ठ्यांचे खण बघण्यासारखे आहेतच, पण विषाच्या बाटल्या नीट बघाव्यात. निळी किंवा हिरवी काच आणि अंगावर उभ्या रेघा. मेणबत्तीच्या उजेडात चिठ्ठी वाचता आली नाही तरी हाताला कळावं म्हणून त्या तशा असत.

मेणबत्तीवाल्याकडे वीस मिनिटं तरी काढावीत. आडव्या दांडीवर सुती वाती टांगून त्या पातळ चरबीत किंवा मेणात बुडवतात, वर काढतात, थिजू देतात, पुन्हा बुडवतात. दर बुडीला जेमतेम नखाएवढा थर चढतो. चरबी जास्त तापली की आधीचा थरही विरघळून खाली येतो, कमी तापली तर गाठी धरतात. पहिल्या बुडीनंतर वात ओढून सरळ केली नाही तर मेणबत्ती शेवटपर्यंत वाकडीच होते. गरिबांच्या मेणबत्त्या जनावराच्या चरबीच्या असत, त्या जळताना धुरकट आणि उग्र वासाच्या. चर्चमध्ये आणि श्रीमंतांकडे मधमाश्यांचं मेण.

दिवसाचा सर्वात चांगला तास ओतशाळेचा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना इथे काही परकं वाटणार नाही. काळी ओली वाळू, लोखंडी चौकटीचे दोन भाग, लाकडी पॅटर्न (ओतायच्या वस्तूचा नमुना), सगळं तेच. खालची चौकट पॅटर्नसकट वाळूने भरून ठोकतात, उलटी करतात, वर कोरडी पूड भुरभुरतात म्हणजे वरची वाळू चिकटत नाही. मग वरची चौकट बसवून तीही भरतात. धातू ओतायला एक भोक आणि हवा निघायला दुसरं. दोन्ही चौकटी अलग करायच्या, पॅटर्न हलकेच ठोकून सुटा करून उचलायचा आणि चौकटी पुन्हा जुळवायच्या. नव्या माणसाचं काम बिघडतं ते इथेच. पॅटर्न तिरका उचलला की साच्याची कड ढासळते. वाळूत पाणी जास्त झालं तर तापलेल्या लोखंडाने त्याची वाफ होते आणि ओतीव वस्तूत पोकळ फोड राहतात. वाळू फार घट्ट ठोकली तरी हवा कोंडते. सैल ठेवली तर धातूच्या दाबाने भिंत सरकते आणि वस्तू फुगीर निघते. मूठभर वाळू दाबून मोडून बघतात. तुकडा स्वच्छ मोडला आणि बोटांना पाणी लागलं नाही, की ती योग्य. प्रत्यक्ष ओतकाम बघायचं असेल तर त्याचा दिवस आधी विचारून घ्यावा. नुसतं साचा भरण्याचं काम बघायला मिळालं तरी जाणं वसूल होतं.

आता खाण्याचं. या भागातल्या जुन्या पद्धतीच्या फिश अँड चिप्सच्या दुकानांत तळण गोमांसाच्या चरबीत असतं. म्हणजे 'आम्ही फक्त बटाट्याच्या चिप्स खाल्ल्या' हे शाकाहार्‍यांनी किंवा बीफ न खाणाऱ्यांनी समाधान मानण्यासारखं नाही. काउंटरवर सरळ विचारावं, कोणी वाईट वाटून घेत नाही. पाव आणि 'पाय' (pie, म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ) यांत डुकराची चरबी असू शकते. कडक उकळीव गोळ्यांत बहुधा अडचण नसते, जेलीसारख्या मऊ गोळ्यांत जिलेटिन असतं. डब्यात दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी ठेवली की प्रश्न मिटतो. बसून खायला बाकं भरपूर आहेत. चटणीचं झाकण मात्र घट्ट हवं.

दुसरा दिवस: लोखंडी पूल आणि कोलब्रुकडेल

हा हलका दिवस ठेवावा, लहान मुलं सलग दोन दिवस खुल्या संग्रहालयात कंटाळतात. सेव्हर्न नदीवरचा लोखंडी पूल हा ओतीव लोखंडाचा जगातला पहिला मोठा पूल. टॉमस फार्नोल्स प्रिचर्डचा आराखडा, तिसऱ्या एब्राहम डार्बीचा कारखाना. १७७९ मध्ये कमान उभी राहिली, १७८१ च्या १ जानेवारीला वाहतूक सुरू झाली. कमानीचा पल्ला सुमारे ३०.६ मीटर आणि लोखंड ३७८ टनांच्या घरात. दिवसभर फुकट पाहता येतो, त्यामुळे सकाळी लवकर पोचावं. पार्किंगची ओढाताण दहानंतर सुरू होते.

पुलावरून चालून मागे फिरणारे मुख्य गोष्ट बघतच नाहीत. काठावर उतरून कमानीच्या खाली जावं आणि जोड बघावेत. लोखंडाने एवढा पूल कोणी बांधलाच नव्हता, म्हणून सुताराने लाकूड जोडावं तसे कुसू-खाचेचे आणि पाचरींचे जोड लोखंडात ओतून घेतलेले आहेत. एखादा सुतार बरोबर असता तर त्याने प्रत्येक जोडाचं नाव सांगितलं असतं.

टोलघरावर दरांचा फलक आहे. पायी जाणाऱ्याला अर्धा पेनी, आणि खाली ठणकावलेलं आहे की पूल खासगी मालकीचा असल्याने सैनिक कामावर असो वा नसो, त्याला टोल पडेल, राजघराण्यालासुद्धा. आपल्याकडे टोलनाक्यावर 'साहेबांची गाडी आहे' म्हणणाऱ्यांनी हा फलक एकदा वाचावा. वाहनं इथे १९३४ पासून बंद आहेत, पायी माणसांचा टोल १९५० पर्यंत चालू होता.

दुपारी कोलब्रुकडेल. इथे १७०९ मध्ये पहिल्या एब्राहम डार्बीने लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशाचा कोक वापरून लोखंड गाळलं. कच्चा दगडी कोळसा चालत नाही कारण त्यातलं गंधक लोखंडात उतरतं आणि ते ठिसूळ होतं. आधी भाजून कोक केला की बरंचसं गंधक निघून जातं. जुनी भट्टी छताखाली जपून ठेवली आहे. भट्टीसमोर मुलांना एवढंच सांगावं की डार्बीचा धंदा होता स्वयंपाकाच्या भांड्यांचा. वाळूच्या साच्यात पातळ कडेची लोखंडी हंडी ओतायचं पेटंट त्याने त्याआधी दोनच वर्षं मिळवलं होतं. काल ओतशाळेत बघितलेली दोन चौकटींची वाळू इथे पुन्हा उपयोगी पडते. म्हणूनच हा क्रम उलटा करू नये. साचा न बघता भट्टी बघितली तर ती विटांचा ढीग वाटते.

तिसरा दिवस: डडली

ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियमला ट्रेनने जायचं तर टिप्टन स्टेशनवर उतरावं, तिथून साधारण मैलभर. जागा २६ एकर, ब्लिस्ट्स हिलच्या निम्मी, पण माणसं आणि कामं दाट. गावाचा काळही एकच नाही. कालव्याकाठी एकोणिसाव्या शतकाचा शेवट, पुढे १९३० चं दशक, आणि नव्याने बांधलेल्या भागात १९४० ते १९६०.

शाळेच्या दिवसांत सकाळी शाळांच्या सहली असतात आणि वर्गातले धडे, खाणीच्या फेऱ्या त्यांनी भरलेल्या असतात. दीडनंतर त्या बसेस परत निघतात. म्हणजे आपण सकाळी भट्ट्या आणि इंजिन, दुपारी खाण आणि शाळा असा क्रम लावायचा. सुट्टीच्या दिवशी नेमकं उलटं: खाणीच्या फेरीची चौकशी गेटमधून शिरल्याबरोबर करावी, कारण एका फेरीत माणसं मोजकी जातात.

आधी न्यूकोमन इंजिन. १७१२ मध्ये डडलीच्या किल्ल्याजवळ कोळशाच्या खाणीतलं पाणी उपसायला टॉमस न्यूकोमनने जे इंजिन उभारलं त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती इथे १९८६ पासून आहे. इमारत तिमजली घराएवढी. मिनिटाला १२ हेलकावे, दर हेलकाव्याला १० गॅलन पाणी ४६ मीटर खोलीवरून वर. म्हणजे मिनिटाला सुमारे ५४५ लिटर. बहुतेकांना वाटतं की वाफ दट्ट्याला ढकलते. इथे तसं नाही. वाफ फक्त सिलिंडर भरते. मग आत गार पाण्याचा फवारा मारला की वाफेचं पाणी होतं, आत पोकळी तयार होते आणि वरून वातावरणाचा दाब दट्ट्याला खाली रेटतो. तुळईचं दुसरं टोक वर जातं आणि पंपाच्या कांबी उचलल्या जातात. दर हेलकाव्याला अख्खा सिलिंडर तापवायचा आणि गार करायचा, म्हणून कोळसा अफाट लागे. खाणीच्या तोंडाशी विक्रीला न लागणारा चुरा मुबलक असायचा, तिथेच ते परवडलं. इंजिन रोज वाफेवर चालवत नाहीत, त्याचे दिवस आधी बघून ठेवावेत.

मग साखळीची भट्टी, म्हणजे ब्लॅक कंट्रीचं खरं काम. लोहार बोटभर जाडीची सळई निखाऱ्यात खुपसतो. एका हाताने भाता, दुसऱ्या हाताने सळई फिरवत राहणं. लालबुंद झाली की ऐरणीवर कड्याच्या मापाला खूण करून इंग्रजी यू सारखी वाकवतो, पातीवर धरून जवळजवळ तोडतो, पण पूर्ण नाही. दोन्ही टोकं तिरकी ठोकून पातळ करतो, आधीच्या कडीत हा यू ओवतो आणि टोकं एकमेकांवर आणतो. कडी पुन्हा निखाऱ्यात. आता लाल चालत नाही, पिवळसर पांढरा रंग यावा लागतो. ठिणग्यांची पहिली दोन-चार फुलं उडाली की त्याच क्षणी बाहेर. ऐरणीवर चार-पाच भरभर घाव, शेवटचा साच्यावर दाबून, आणि कडी बंद. हे सगळं तो गप्पा मारत करतो आणि कडी बाहेर काढायच्या क्षणी वाक्य अर्धवट सोडतो. तेवढं बघण्यासाठी पुढच्या रांगेत उभं राहावं.

चुकतं दोन प्रकारे. उष्णता कमी पडली तर टोकं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात पण आत जोड होत नाही, ओढ बसली की तिथेच उघडतात. जास्त झाली तर ठिणग्यांचा पाऊस पडतो, लोखंड जळतं आणि ऐरणीवर भुसभुशीत होऊन फुटतं. जुन्या घडीव लोखंडात मळीचे बारीक तंतू असत, ते जोडाच्या वेळी आपोआप पातळ होऊन जागा साफ करत. आजच्या पोलादात ते नसतात, त्यामुळे आजचं काम उलट जास्त अवघड.

शेजारचंच क्रॅडली हीथ हे गाव या धंद्याचं माहेरघर. जहाजांच्या जाड साखळ्या कारखान्यात पुरुष करत. बारीक साखळ्या परसातल्या छपरात बायका घडवत, मूल पाळण्यात टांगून. १९१० मध्ये सरकारी मंडळाने बायकांना तासाला अडीच पेन्स हा किमान दर ठरवला. मालकांनी तो द्यायला खळखळ केली. कामगार बायकांच्या संघटनेची पुढारी मेरी मॅकार्थर हिच्या पुढाकाराने बायकांनी सुमारे दहा आठवडे संप केला आणि जिंकल्या. पहिल्या दिवशीचं पेन्स-शिलिंगचं कोष्टक इथे वापरायला द्यावं: ५४ तासांच्या आठवड्याचे किती? १३५ पेन्स, म्हणजे ११ शिलिंग ३ पेन्स. संपनिधीत उरलेल्या पैशातून त्यांनी १९१२ मध्ये कामगारांसाठी सभागृह बांधलं. तीच इमारत सोडवून आणून इथे पुन्हा उभी केली आहे.

भट्टीपाशी गर्दी असते ती माणसाशी बोलायला. पोशाखातली माणसं दोन तर्‍हांनी बोलतात. काही जण त्या काळातच राहतात, त्यांना विमान ठाऊक नसतं. काही जण पोशाख जुना घालून बोलतात आजचं. कोण कोणत्या तर्‍हेचं ते दोन वाक्यांत कळतं. पहिल्या तर्‍हेच्या माणसाला 'तुमचा पगार किती, यातून भाडं किती जातं, काम कोणाकडून शिकलात, मुलं शाळेत जातात का' असं विचारलं की तो खुलतो. 'तुम्ही खरे आहात का' विचारून मुलं त्याला कोंडीत पकडतात. घरून निघतानाच मुलांना दोन-दोन प्रश्न ठरवून द्यावेत. आजोबांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं तरी हरकत नाही. इथल्या स्थानिक बोलीचा ठेका असा आहे की लंडनहून आलेल्यांनाही 'पुन्हा सांगा' म्हणावं लागतं.

खाणीची फेरी १८५० च्या सुमाराची. इथला कोळशाचा थर तीस फूट जाडीचा, म्हणून उंच दालनं खोदत आणि छत कोसळायचा धोका तितकाच मोठा. वाट मात्र अंधारी, बुटकी, खालची जमीन खडबडीत, हेल्मेट देतात. बाबागाडी आत जात नाही. अंधाराची भीती वाटणाऱ्या मुलाला बळेच नेऊ नये, एकाने बाहेर थांबावं. दम्याच्या माणसाने भट्ट्यांच्या धुराचाही विचार करून इनहेलर खिशात ठेवावा. १८४२ च्या कायद्याने बायका आणि दहा वर्षांखालची मुलं यांना जमिनीखाली कामाला लावायला बंदी झाली. आपलं नऊ वर्षांचं पोर शेजारी उभं असताना हे ऐकणं वेगळं पडतं.

वाटेत तिरकं घर चुकवू नये. खाली कोळसा काढल्याने जमीन खचून कललेलं घर इथे त्याच तिरकेपणाने पुन्हा बांधलं आहे. आत शिरल्यावर दोन मिनिटं डोकं गरगरतं.

शेवटी सेंट जेम्स शाळेत १९१२ चा धडा. बाहेर ओळीत उभं करतात, नखं तपासतात, पाटी-लेखण देतात, तोंडी हिशोब विचारतात. छडी दाखवतात, मारत नाहीत. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताने लिहायला सांगितलं जाईल. घाबरट मुलाला हे नाटक आहे असं आधी कानात सांगून ठेवावं. मोठ्यांनाही बाकावर बसवतात आणि पालकच जास्त कुजबुजतात.

जेवणाचं पहिल्या दिवसासारखंच: हॉब्ज यांच्या टाइल्सच्या भिंतींच्या सुंदर दुकानात मासे आणि चिप्स बीफच्या चरबीत तळतात. रांग बारा ते दोन लांब असते. चालत असेल त्यांनी साडेअकरालाच उभं राहावं.

परतीची गाडी चौथ्या दिवशी दुपारची असेल तर सकाळी संग्रहालयाच्या शेजारूनच डडली बोगद्याची बोट मिळते. १७९२ मध्ये खुल्या झालेल्या या जवळपास २९०० मीटरच्या बोगद्यात घोडा चालायला वाट नव्हती. दोन माणसं बोटीत पाठीवर झोपत आणि पायांनी भिंतीवर चालत बोट पुढे नेत. आजच्या फेरीत तसं करून बघायला मिळतं. हौसेने पुढे झालेले बहुतेक बापे दुसऱ्या मिनिटाला मांड्या चोळतात. आत छतातून पाणी ठिबकतं, उन्हाळ्यातही स्वेटर लागतो, आणि उंच माणसाने डोकं आतच ठेवावं. तीनच दिवस असतील तर ही फेरी गाळावी आणि डडलीला वेळ द्यावा. दोनच असतील तर कोलब्रुकडेल गाळून पूल जाता-येता बघावा.